सरुबाईची शिफारस

सिल्वासाजवळच्या अथालला तेव्हा कारखाने थोडे आणि ताडाची झाडं फार. दोऱ्याच्या कंपनीचा भोंगा वाजला की कामगार सायकली काढायचे खरे, पण जेवायला निघायचे ते सरुबाईच्या हाकेवर. पत्र्याच्या खानावळीच्या दारात उभी राहून ती एकदाच ओरडायची, "पानं वाढली रे!", आणि शेतापलीकडच्या खोल्यांत झोपलेली रात्रपाळीची पोरंसुद्धा दचकून उठायची. शेठनं भोंग्यावर उगाच पैसे घातले, असं लोक म्हणत. सरुबाईला ते आवडायचं. आता कंपन्यांना आपापली कँटीन झाली, ताड गेले, आणि भोंगा वाजला तरी ट्रकच्या गोंगाटात कुणाच्या ध्यानात येत नाही. पण एकोणनव्वदच्या सुमाराला त्या रस्त्यावर आवाज म्हणजे सरुबाईचा.

ती शिंदखेड्याकडची. नवरा चिंधा गेला आणि मुलगा गोकुळ इकडे मशीनवर लागला, तशी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचं पोतं आणि पाटा घेऊन त्याच्यामागे आली. आल्या आल्या शेवभाजीच्या वासावर तिनं अर्धा खानदेश गोळा केला. शाळा दुसरीपर्यंत. सही करायची, बसची पाटी वाचायची, आणि त्यापुढे वाचायची गरजच पडली नाही, असं ठणकावून सांगायची. सून कावेरी पाठीच्या दुखण्यानं वाकलेली. म्हणून नात गुड्डी आठवीची परीक्षा दिली की चुलीपाशी बसेल, हे सरुबाईनं ठरवून टाकलं होतं. गावातली मराठी शाळा आठवीपर्यंतच, नववीला बसनं सिल्वासाला जावं लागायचं. "आठ वर्षं शिकली, भाकरी थापायला आणखी किती लागतं?" एवढं म्हणून तिनं विषय मिटवला होता. त्या घरात सरुबाईच्या पुढे कुणी काही बोलायचं नाही.

अशात शाळेत पुस्तकं आली.

शाळेचं कपाट तोवर होतं तसं होतं: कुलूपबंद, आणि आत वाळवी. मराठी शिकवणाऱ्या सुजाताबाई पुण्याच्या, कंपनीतल्या मॅनेजरची बायको. त्यांनी नाशिकच्या एका दुकानदाराकडून मुलांच्या नव्या पुस्तकांची पेटी पसंतीसाठी मागवली आणि पालकांची सभा बोलावली. एकेका पालकानं एकेक पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं, आणि पुढच्या सभेला येऊन सांगायचं की हे मुलांना द्यावं की नाही. शिफारस झाली तर पुस्तक शाळेचं, आणि पहिल्या पानावर शिफारस करणाऱ्याचं नाव शाईनं लिहायचं. नाही झाली तर पुस्तक पेटीत परत. पालकांनीच निवडलेलं पुस्तक असलं म्हणजे घरी वाचताना पोरांना कुणी हटकणार नाही, असा बाईंचा हिशेब होता.

सरुबाई सभेला गेली होती ती सुजाताबाईंना तोंडावर सांगायला, की नववीला सिल्वासाला जायच्या यादीतून गुड्डीचं नाव काढा. पण शाईनं नाव लिहायचं ऐकलं आणि ती बसून राहिली. चिंधाचं नाव सातबाऱ्यावरसुद्धा कधी आलं नव्हतं. तिनं पेटीत हात घातला आणि वर जे होतं ते उचललं. मुखपृष्ठावर नदी, नदीत नाव आणि नावेत एक पोरगी.

सुजाताबाईंनी हळूच विचारलं, "आजी, वाचाल ना? की दुसरं लहानसं देऊ?"

"वाचता येत नसतं तर उचललं असतं का?" सरुबाई म्हणाली आणि पुस्तक पदराखाली घालून चालू पडली.

घरी येऊन तिनं चष्मा लावला. एका दुपारी एक पान. तेही शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत पहिली ओळ कुठे गेली ते कळेना. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक गुड्डीच्या पुढ्यात टाकलं. म्हणाली, माझ्या चष्म्याचा नंबर चढलाय, तू वाच, आणि बाहेर बोललीस तर याद राख.

मग रोज दुपारचं तेच. पहिली पाळी जेवून गेली की सरुबाई तुरीची डाळ पाखडायला बसायची, कावेरी पाठ टेकायची आणि गुड्डी वाचायची. गोष्ट नावाड्याच्या पोरीची होती. बाप पुरात गेलेला, घरात आजी आणि ती. दोघी नाव चालवतात, माणसं-शेरडं या काठावरून त्या काठावर पोचवतात. सरुबाईला ती म्हातारी पहिल्याच पानाला पटली. तोंडाची फाटकी, पण कुणाला फुकट न नेणारी आणि कुणाला उपाशी न धाडणारी. "बाई आपल्याकडचीच दिसते," असं ती म्हणाली, जणू तिच्या गावाची चौकशी करायचीच तेवढी राहिली होती.

हळूहळू ताटावरची माणसंही रेंगाळायला लागली. त्यातला नथू, शिरपूरकडचा, मशीनच्या तेलाचा वास कपड्यांना घेऊन यायचा आणि हात धुवायलाच उठायचा नाही. सरुबाई त्याला म्हणायची, ताटाला मुळं फुटली का रे तुझ्या? तो म्हणायचा, मावशी, तेवढी नाव काठाला लागू द्या. एकदा त्यानं चित्र बघायला म्हणून पुस्तक हातात घेतलं आणि नदीच्या पाण्यावर तेलाचा अंगठा उमटला. सरुबाईनं त्याला असं काही सुनावलं की तो दोन दिवस दाराशी बसून जेवला.

गोष्ट शेवटाला आली. पोरीला पलीकडच्या शहरातल्या शाळेत जायचंय, वसतिगृहात राहायचंय. म्हातारी नको म्हणते. एका पहाटे पोरगी नाव सोडते. त्या दिवशी खानावळीत डाळ पाखडायचा आवाजसुद्धा नव्हता. गुड्डीनं पान उलटलं, थोडी थांबली आणि वाचलं: नाव मध्यावर पोचली तेव्हा काठावरून म्हातारीनं हाक मारली. पोरीनं ती ऐकली, वल्हं उलटं घातलं आणि नाव माघारी वळवली.

सरुबाईनं सूप खाली ठेवलं.

"याला म्हणतात वळण," ती म्हणाली. "हाक मारली की परत आली. ऐकलंस, कावेरी? हे पुस्तक पोरींच्या हातात द्यायलाच पाहिजे."

कावेरीनं गुड्डीकडे बघितलं. गुड्डीनं पुस्तक मिटलं होतं.

सभेच्या दिवशी सरुबाईनं इरकली लुगडं नेसलं. व्हरांड्यात सतरंजी, खुर्चीवर हेडमास्तर, शेजारी सुजाताबाई आणि त्यांची लेक जुई. जुई सिल्वासाच्या इंग्रजी शाळेत सहावीला होती. पण पहिल्या सभेआधी पेटी बाईंच्या घरात पडून होती त्या दिवसांत पोरीनं तळापर्यंत सगळी पुस्तकं वाचून काढली होती. आठवीच्या मुली वर्गाच्या खिडकीच्या गजांना धरून आतून बघत उभ्या. त्यात गुड्डी.

बाकीचे पालक दोन दोन वाक्यं बोलून बसले. चांगलं आहे, चित्रं छान आहेत, छपाई सुबक आहे. सरुबाई उभी राहिली ती कीर्तनाला उभी राहिल्यासारखी. तिनं नाव सांगितली, नदी सांगितली, म्हातारीची भांडणं सांगितली. लोक हसले. हेडमास्तर खुर्चीत पुढे सरकले. शेवटाला तिनं आवाज खाली आणला आणि म्हातारीची हाक अशी मारली की मैदानातली कुत्री उठून उभी राहिली. पोरगी माघारी आली हे सांगून ती म्हणाली, की ज्यांना आपल्या पोरी घरात राहाव्या असं वाटतं त्यांनी हे पुस्तक जरूर वाचायला द्यावं.

टाळ्या पडणार तेवढ्यात जुई म्हणाली, "पण आई, ती परत कुठे येते?"

सुजाताबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. उशीर झाला होता. हेडमास्तरांनी पुस्तक उचललं आणि मागून पानं चाळायला सुरुवात केली. व्हरांड्यात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, म्हातारीनं वाचलंच नाही वाटतं.

सरुबाईला एका क्षणात सगळं कळलं. तिनं खिडकीकडे बघितलं. बाकीच्या पोरी हसत होत्या. गुड्डीनं गज सोडले नव्हते. बाजारात हात सुटलेलं पोर जसं दिसतं तशी ती दिसत होती. आता एकच वाक्य बोलायचं होतं: मला नातीनं वाचून दाखवलं, तिला विचारा. इज्जत वाचली असती. पोरगी मात्र सगळ्या गावासमोर खोटारडी ठरली असती.

"शेवट मला ठाऊक आहे," सरुबाई म्हणाली. "मला पटला नाही, म्हणून माझा घातला. भाजीत मीठ कमी पडलं तर माणूस वरून घेतो की नाही?"

काही लोक हसले. हेडमास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, म्हणजे पुस्तक आहे तसं तुम्हाला पसंत नाही. मग शिफारस आहे, की परत पाठवायचं?

काय पसंत करायचं हेच तिला माहीत नव्हतं. त्या शेवटात काय होतं देव जाणे. पोरगी बुडाली असेल, कुणाचा हात धरून गेली असेल. पण आता मागे वळली असती तर न वाचल्याची दवंडीच पिटली असती. आणि खिडकीत ते तोंड होतं.

"आहे शिफारस. जसं आहे तसं," ती म्हणाली. "नाव लिहा. सरुबाई चिंधा म्हणून लिहा. चिंधा राहू देऊ नका."

सुजाताबाईंनी लिहिलं. अक्षर सुरेख होतं. शाई वाळायच्या आत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, दोन दिवस घरी ठेवा हवं तर. कपाटात जायची घाई नाही." त्यांना किती कळलं होतं ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही, आणि सरुबाईनंही कधी विचारलं नाही.

वाटेत ती पुढे आणि गुड्डी मागे. खानावळीत येऊन सरुबाईनं लुगडं बदललं, पाटावर बसली आणि सूप पुढे ओढलं. कावेरीला वाटलं, आता पोरीच्या पाठीवर लाकूड बसणार. ती मध्ये येऊन उभी राहिली.

"सर बाजूला," सरुबाई म्हणाली. "आणि तू वाच. खरं आहे ते वाच. मी कशाखाली नाव लिहून आले ते तरी कळू दे."

गुड्डीनं वाचलं. पोरगी पहाटे काठावर येते तर म्हातारी आधीच तिथे उभी. तिनं रात्रीतूनच भाकरी बांधून ठेवलेली. नाव चिखलात रुतलीय. म्हातारी लुगडं खोचते, गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरते आणि खांदा लावून नाव स्वतः लोटून देते. मग काठावर उभी राहते. नाव पलीकडे लागेपर्यंत उभी राहते. गोष्ट संपली.

डाळीत हात तसाच राहिला होता.

"हाक मारली नाही?" सरुबाईनं विचारलं.

"नाही."

"आवाज बसला होता का तिचा?"

"नाही ना. आधीच्या पानावर आहे बघ, तिचा आवाज दोन्ही काठांना ऐकू जायचा."

"मग तू कशाला तिला हाक मारायला लावलीस?"

गुड्डीनं पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "खरा वाचला असता तर तू पुस्तक परत धाडलं असतंस. आणि... तू असतीस तर मारली असतीस, आजी."

सरुबाई उठली, चुलीवर पाणी ठेवलं, आणि संध्याकाळच्या पाळीला भाजी खारट झाली.

पुढच्या आठवड्यात ती पुलाखालच्या वस्तीतल्या चिमाबाईला भाकऱ्या थापायला घेऊन आली. चिमाबाईच्या भाकरीला कड जाड राहायची आणि त्यावरून सरुबाईच्या तोंडाचा पट्टा रोज चालायचा, पण ती राहिली. कावेरीनं भीत भीत विचारलं, आत्याबाई, ही कायमची का? सरुबाई म्हणाली, तुझी पाठ कायमची दुखते, तर बाई कायमची नको? गुड्डीचं नाव तिनं यादीतून काढलं नाही. शाळेत जाऊन ती फक्त एवढंच विचारून आली, की नववीच्या पुस्तकांना किती पिशव्या लागतात.

ते पुस्तक पुढे कितीतरी वर्षं कपाटात होतं. कपाटात कमी आणि दप्तरांत जास्त. पुस्तकाचा कणा सुटला तेव्हा सरुबाईनंच तो कंपनीच्या टाकाऊ नायलॉन दोऱ्यानं, दाभणानं शिवून दिला. असा शिवला की कागद फाटले, शिवण हटली नाही. नदीवरचा नथूचा अंगठा तसाच. नव्या मास्तरांना वाटायचं, ते चित्रातलंच काही आहे.

त्या वर्षीचा जून लागला. नववीच्या पहिल्या दिवशी गुड्डी नवी निळी ओढणी घेऊन फाट्यावर बस धरायला गेली. खानावळीच्या दारातून फाटा दिसायचा. पहिल्या पाळीची पंगत बसली होती. चिमाबाई ओट्यावर काही शोधायला गेली आणि तिथूनच म्हणाली, पोरीचा डबा इथंच राहिला की.

सरुबाई डबा घेऊन दारात आली. बस वळणावर दिसत होती. गुड्डी हात करून उभी होती, पाठमोरी. सरुबाईनं छातीत श्वास भरला. पंगतीतल्या पोरांनी सवयीनं घास थांबवले, काहींनी कानावर हात नेले.

ती तशीच उभी राहिली. मग श्वास सोडला, आणि डबा नथूच्या ताटाशेजारी आदळला.

"ऊठ. सायकल काढ."

"अहो मावशी, आत्ताशी दुसरी भाकरी घेतली," नथू म्हणाला. "हाक मारा ना. इथून सहज ऐकू जाईल तिला."

"जाईल," सरुबाई म्हणाली. "म्हणूनच. ऊठ म्हणते ना."

नथू खरकट्या हातानंच सायकलवर बसला आणि बसच्या मागे लागला. सरुबाई दारात उभी राहिली, बस सिल्वासाच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत. मग वळून तिनं चिमाबाईला विचारलं, की आज तरी भाकरीला कड पातळ आली आहे का.