सुरकुत्या कोणी नेल्या?

पडद्यावर आधी जुना फोटो आला. डोळ्यांभोवती जाळं, कपाळावर आडव्या रेघा, ओठांच्या कडेला दोन खोल चरे. मग दिवे लागले आणि तीच बाई मंचावर येऊन उभी राहिली. चेहरा असा नितळ, जणू कोणी त्यावरून इस्त्री फिरवलीय. फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल खच्चून भरला होता.

"अगंबाई, पन्नाशीची? शक्यच नाही!" मागच्या बायका खुर्च्यांवर चढल्या.

"सुरकुती म्हणजे काय?" पांढऱ्या सुटातल्या तारुण्यगुरूंनी माईक ओठांशी धरला. "सुरकुती म्हणजे मनाला पडलेली घडी! आमचं तेल वयाला म्हणतं, मागे फिर! आणि वय मुकाट मागे फिरतं!"

वय म्हणजे त्यांनी पाळलेलं कुत्रंच जणू. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसऱ्या रांगेत दातांची डॉक्टर हाताची घडी घालून बसली होती. मंचावरची बाई तिची सख्खी वहिनी. दादा गुरूंच्या नादी लागल्यापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं होतं, पण आज त्यानेच हट्टाने बहिणीला ओढून आणलं होतं आणि शेजारी बसून तो हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटत होता. डॉक्टरीण मात्र गुरूंचं कपाळ न्याहाळत होती. गुरू हसले, गरजले, डोळे वटारले, पण कपाळ काही हललं नाही. असं कपाळ तेलाने होत नाही. त्याची इंजेक्शनं मिळतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

म्हणजे हा गृहस्थ थापाड्या, हे नक्की. पण वहिनी? ती तर सुई बघितली तरी घर सोडून पळणारी. मग तिचा चेहरा खरोखरच कसा गुळगुळीत झाला? हे कोडं डोक्यात घेऊनच ती घरी गेली.

काही दिवसांनी दाढ ठणकायला लागली, तेव्हा वहिनी नवऱ्याला न सांगता नणंदेच्या दवाखान्यात आली.

"आ करा."

"केलाय की, वन्सं."

"अजून मोठा."

"एवढाच होतो हो."

सगळ्यात लहान आरसासुद्धा आत जाताना ओठांना अडत होता. डॉक्टरिणीने गालाची कातडी चिमटीत धरून पाहिली, ती धरताच येईना. तरुण कातडी मऊ असते. ही ढोलावर ताणल्यासारखी कडक होती.

"जेवताना त्रास होतो?"

"घास अडतो इथे, छातीशी. गुरू म्हणाले, वय उतरलं की भूकही लहान मुलासारखी होते."

"आणि जिना चढताना?"

"धाप लागते. ते म्हणाले, जुनं वय श्वासावाटे बाहेर पडतंय."

"फारच उद्योगी वय दिसतंय," डॉक्टरीण पुटपुटली. "हात बघू."

बोटं फुगीर आणि चकचकीत होती, सांध्यांवरच्या घड्या पुसल्या गेल्या होत्या. एसीच्या गार हवेत त्यांची टोकं खडूसारखी पांढरी पडली आणि बघता बघता निळसर झाली. वहिनी फुलांच्या दुकानात गुच्छ बांधायची. थंड खोलीतून फुलं काढताना असंच व्हायचं, म्हणाली. पुढे सुतळीची गाठ मारता येईना, म्हणून काम सोडलं.

"तेल कुठे लावता, वहिनी?"

"फक्त तोंडाला. तेही कापसाने. हाताला थेंब लागता कामा नये, अशी सक्त ताकीद आहे."

"मग बोटांच्या सुरकुत्या कोणी नेल्या?"

वहिनीने हात उलटेपालटे करून पाहिले.

"आणि बोटं पांढरी कधीपासून पडतात? तेलाआधी की तेलानंतर?"

"आधीपासून," ती हळूच म्हणाली. "कितीतरी आधीपासून." मग एकदम तिचे डोळे भरून आले. "वन्सं, जन्मात कोणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. आता हॉलभर माणसं टाळ्या वाजवतात. तेही तुम्हाला बघवत नाही का?"

डॉक्टरिणीने ते गार हात आपल्या हातांत धरले. "टाळ्यांनी धाप कमी होत नाही, वहिनी. मला एका आजाराचा संशय येतोय. खात्री करणं माझं काम नाही, पण ती करणारा माणूस मला ठाऊक आहे. उद्याच जाऊ."

संधिवाताच्या तज्ज्ञाने वहिनीच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला आणि भिंगातून पाहिलं. "या सगळ्या प्रकरणात तेलाचा खरा उपयोग एवढाच," तो म्हणाला. थेंबाखाली बारीक रक्तवाहिन्या कुठे फुगलेल्या, कुठे पार नाहीशा झालेल्या दिसत होत्या. रक्ताची तपासणी झाली, श्वासाची झाली, फुप्फुसाचं स्कॅन झालं. आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा.

"शरीराची संरक्षक फौज आपल्याच घरावर उलटते," त्याने समजावलं. "मग कातडीत, फुप्फुसात चिवट धागे साचत जातात. कातडी ताणली जाते, सुरकुत्या पुसल्या जातात. बघणाऱ्याला वाटतं, बाई तरुण झाली."

"डॉक्टरांना काय, गिऱ्हाईक हवं," कळल्यावर तणतणत मागोमाग आलेला दादा गुरगुरला. तज्ज्ञाने स्कॅन त्याच्यापुढे धरलं. फुप्फुसांच्या तळाशी पसरलेली ती पांढरी जाळी पाहून दादाने बायकोसाठी खुर्ची पुढे ओढली.

"मी बरी होईन?" वहिनीने विचारलं.

"मुळापासून उपटून टाकतो, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे तेल विकतात. पण आजाराला आवर घालता येतो. फौजेला शांत करणारं औषध, बोटांकडे रक्त नेणाऱ्या गोळ्या, हातमोजे, तोंडाचे व्यायाम. आणि रक्तदाब मोजत राहायचं, कारण हा मूत्रपिंडावरही घाला घालू शकतो. जेवढं फुप्फुस कडक झालंय, तेवढं मात्र परत मऊ होणार नाही. लवकर यायला हवं होतं."

तारुण्यगुरूंच्या पुढच्या सभेला जायचं वहिनीनेच ठरवलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं. पुन्हा जुना फोटो, पुन्हा दिवे, पुन्हा "अगंबाई!"

"बोला ताई, किती वर्षं गळून पडली?"

वहिनीने टेबलावरचा बर्फाच्या पाण्याचा पेला उचलला आणि घट्ट धरून ठेवला. मग हात वर केला. बोटं पांढरीफटक पडली होती, हळूहळू निळी होत होती.

"चमत्कार!" कोणीतरी ओरडलं.

"कसला चमत्कार? रक्त पोचत नाहीये," वहिनी म्हणाली. "मला आजार आहे, त्याने माझी कातडी आवळत चाललीय. या बोटांना मी तेल लावलेलंच नाही. तरी सुरकुत्या इथूनही गेल्या. कशा गेल्या, गुरू?"

"तेलाचा प्रभाव अंगभर पसरतो!"

"बोटं तेलाच्या आधीच बिघडली होती. मग प्रभाव काय, मागच्या काळात जाऊन पसरला?"

"वय मागे फिरतं, तर तेल का नाही फिरणार?" गुरू ठणकावून म्हणाले आणि हॉलमध्ये पहिल्यांदा हशा पिकला.

"गुरू, जरा भुवया उचलून दाखवा!" डॉक्टरीण तिसऱ्या रांगेतून ओरडली. गुरूंनी जोर लावला. डोळे तेवढे मोठे झाले, कपाळ जागच्या जागी. हशा आणखी वाढला. सभेत वाईट लहरी शिरल्याचं जाहीर करून गुरू मागच्या दाराने सटकले. तरीही तेलाच्या काउंटरवरची रांग सगळीच मोडली नाही. काही माणसं हसत हसत बाटली घेऊनच गेली.

वहिनीचं औषध चालू आहे. धाप वाढायची थांबलीय, बोटं पुष्कळ सुधारलीत. गुरू दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये वयाला हाकलतच असतील.

तेव्हा सरळ सांगायचं ते असं. गारठ्यात बोटं रंग बदलत असतील, कातडी आवळत असेल, सकाळी सांधे आखडत असतील, घास अडत असेल, तर डॉक्टरकडे जा, आणि वेळेत जा. समोर काही अचाट दिसलं तर टाळी वाजवण्याआधी एवढं विचारा, की याला दुसरं कारण नसेल कशावरून? त्या पहिल्या दिवशी भरल्या हॉलमध्ये हे कोणीच मोठ्याने विचारलं नाही. एका बाईचं फुप्फुस कडक होत होतं, आणि शहाणीसुरती माणसं खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवत होती.