वर्गांना चुकवणाऱ्या संख्या

सांडोरची एमिली वसईच्या कॉलेजात गणित शिकवायची. चाळिशी उलटली होती, लग्न राहूनच गेलं. घरात ती आणि तिचा म्हातारा बाप निकोलस, दोघंच. गाव तिला मान द्यायचं. पण चर्चमधली मिस्सा सुटल्यावर बायका गप्पा मारत उभ्या राहिल्या की तिच्याशी काय बोलावं, हे कुणालाच सुचत नसे.

एका प्रश्नाने तिला झपाटलं होतं. संख्या अशा निवडायच्या, की कोणत्याही दोघींतलं अंतर पूर्ण वर्ग नसावं. एक नको, चार नको, नऊ नको. एक, तीन, सहा, आठ, अकरा... तेवीसपर्यंत छान चालतं. पुढे सव्वीस घ्यावी, तर तिच्यात आणि एकमध्ये नेमके पंचवीस! पाचाचा वर्ग. एमिलीला वाटे, कशाही निवडा, पुढेपुढे या संख्या विरळच होत जाणार. पण ते सिद्ध होत नव्हतं. तिचं म्हणणं समजणारा एकच सहकारी होता, फेबियन. तो कॅनडाला गेला आणि ती एकटीच झगडत राहिली.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात मुंबईच्या एका ग्रंथालयात तिला परदेशी नियतकालिकात तोच प्रश्न दिसला, उत्तरासकट. कुणीतरी तो केव्हाच सोडवला होता; वर्गांसाठी, घनांसाठीही. तिने सगळं वाचून काढलं. ही वाट आपल्याला कधीच सुचली नसती, हे तिला कळून चुकलं.

घरी आली तेव्हा निकोलस केळींना पाणी लावत होता.

"बाय, तोंड का उतरलंय?"

"माझा प्रश्न सुटला, बाबा."

"मग पेढे आण की!"

"मी नाही सोडवला. दुसऱ्याने."

त्याने फावडं खाली ठेवलं. "बरोबर आहे त्याचं?"

"अगदी बरोबर."

"म्हणजे तुला वाटायचं तेच खरं निघालं ना?"

एमिलीने होकारार्थी मान हलवली.

"मग सांग मला. इतकी वर्षं कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"मला कुठे कळणार म्हणून नाही विचारलं," तो ओशाळून म्हणाला आणि बांधावर बसला.

तीही शेजारी बसली आणि सांगू लागली. सुरुवातीला तो हुंकार देत होता. मग हुंकार लांबले, थांबले. बसल्या जागी त्याचा डोळा लागला होता. एमिलीने आवाज जरा खाली आणला, पण मध्येच सोडलं नाही. सिद्धतेची शेवटची ओळसुद्धा तिने मोठ्याने म्हटली.