केलमनमध्ये कोणी किक मारत नाही

ओहायोतल्या केलमन शहरात चेंडूला किक मारणं हे पाप आहे. बाकीची पापं चालतात. दोन बायका सोडून तिसरीच्या घरी राहणारा गृहस्थ शाळा समितीवर आहे आणि चर्चच्या बिंगोत लबाडी करताना सापडलेला माणूस सध्या महापौर आहे. पण अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, मैदानावर चौथ्या प्रयत्नाला कोणी किकचं नाव काढलं, तर त्याला न्हावीसुद्धा दारात उभं करणार नाही.

जगातली शहाणी माणसं काय करतात? चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तीन फसले, की चौथ्याला चेंडू लाथेने लांब धाडून देतात, म्हणजे आपल्या दारातलं संकट समोरच्याच्या दारात जातं. केलमन हॅमर्स या शहराच्या संघाचे थोर प्रशिक्षक ऑगस्ट ड्रेक्सलर यांनी एक्केचाळीस वर्षांपूर्वी, अजिंक्यपदाच्या सामन्यात, असं केलं नाही. बरोबरी होती, दोन मिनिटं उरली होती, मागे ढकलले गेल्याने अकरा यार्ड बाकी होते आणि चौथा प्रयत्न होता. कोचनी हात लांब करून मैदानाकडे बोट दाखवलं. पुढे! खेळ सुरू करणारा क्वार्टरबॅक डुआन पार्क्स चेंडू काखेत मारून जो सुटला तो थेट शेवटच्या रेषेपार. अजिंक्यपद केलमनला आलं.

पुढे मालकाने तो संघच उचलून दुसऱ्या शहरात नेला, पोलादाचा कारखाना बंद पडला, ड्रेक्सलरही वारले. राहिली ती शिकवण. ती आता शाळेचा संघ पाळतो. चौथ्या प्रयत्नाला पळतो, पडतो आणि हरतो. सलग एकोणतीस सामने झाले. विसावा हरल्यावर लोकांनी केक कापला होता, कारण पोरं हरली तरी तत्त्वाला चिकटून होती.

या सगळ्यात लेस्टर वोझनीची दशा काय सांगावी? तो त्या अजिंक्य संघाचा किकर होता, म्हणजे चेंडूला लाथ मारण्यापुरता मैदानात जाणारा गडी. बाकीच्या खेळाडूंना केलमनमध्ये कुठेही गेलं तरी कॉफी फुकट मिळायची. डुआन पार्क्सने तर त्या एका धावेवर गाड्यांची शोरूम उभी केली. लेस्टरने गाड्यांचे सायलेन्सर बदलायचं दुकान टाकलं आणि एक्केचाळीस वर्षं एकच विनोद ऐकला. “काय लेस्टर, त्या दिवशी बाकावर ऊन छान होतं का रे?”

लेस्टर हसून सोडून द्यायचा. पण यंदा त्याला हसू येईना, कारण त्याची नात टेसा. आईबाप गेल्यापासून ती त्याच्याचकडे वाढलेली. सोळा वर्षांची पोर शाळेच्या संघात किकर होती. म्हणजे यादीत नाव होतं आणि अंगावर जर्सी होती, एवढंच. दुकानामागच्या पटांगणात ती पन्नास-पन्नास यार्ड चेंडू उडवायची. तिने पाठवलेले व्हिडिओ पाहून एका कॉलेजचा निवड करणारा माणूस शनिवारच्या सामन्याला येणार होता. अंगावर माणसं धावून येत असताना ही कशी मारते ते त्याला बघायचं होतं. पसंत पडली तर चार वर्षांचं शिक्षण फुकट. लेस्टरच्या सायलेन्सरांवर कॉलेज होण्यासारखं नव्हतं.

तो शाळेच्या कोचकडे, ब्रेंटकडे गेला.

“एकदाच मारू दे रे तिला. एकदाच. नाहीतरी हरताच आहात.”

“लेस्टरकाका, हळू बोला.” ब्रेंटने उठून दार लावलं. “उद्या ड्रेक्सलर कोचच्या पुतळ्याचं अनावरण, आणि परवा मी किक मारू? लोक माझी गाडी जाळतील. बायको पहिली काडी लावेल.”

“त्या पोरीचं आयुष्य आहे हे.”

“आणि माझं नाही? मी जिंकलो नाही तर चालतं हो इथे. पण किक मारली तर खलास.”

आता एकच वाट उरली होती. एक्केचाळीस वर्षं लेस्टर मूग गिळून बसला होता, ते बाहेर काढायचे.

शुक्रवारी जुन्या स्टेडियमच्या फाटकात पुतळ्यावरची चादर उतरली. काशाचे ड्रेक्सलर, हात लांब, बोट पुढे. महापौर रडले. डुआन पार्क्स बोलला, पुन्हा बोलला. मग भाषणं संपत आली म्हणून उपकार केल्यासारखं जुन्या खेळाडूंना “दोन शब्द” बोलायला सांगितलं. लेस्टरने माइक धरला.

“तो हात ‘पुढे’ म्हणत नव्हता,” तो म्हणाला. “तो मला पाठवत होता. कोच ओरडले, ‘वोझनी, जा, किक मार!’ मी उठलो आणि माझ्या बुटाची नाडी तुटली. एका पायावर नाचत मी गाठ मारत होतो, तोवर डुआनने खेळ सुरू केला होता. कोचना किकच हवी होती. कुठल्याही शहाण्या माणसाला तीच हवी असते. तेव्हा पोरांना आता किक मारू द्या.”

 एका बाईच्या हातातलं सॉसेज पावापासून सुटून खाली पडलं. लेस्टरला वाटलं, झालं, आता आपल्याला धोपटतात.

डुआनने हळूच त्याच्या हातून माइक घेतला. माणूस गाड्या विकणारा, त्याला गिऱ्हाईक बिथरलेलं चटकन कळायचं.

“मित्रांनो,” तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “सामन्याच्या दिवशी सकाळी प्रत्येकाचे बूट स्वतः कोण तपासायचं?”

“कोच!” म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी ओरडलं.

“मग ती कमजोर नाडी कोचना दिसली नसेल? दिसली होती! त्यांनी ती तशीच राहू दिली! तोंडाने किक म्हणाले, पण ती होऊ नये याची सोय त्यांनी सकाळीच करून ठेवली होती!”

असा गजर उठला, की स्टेडियमच्या छपरावरची कबुतरं उडाली. लेस्टरला लोकांनी मिठ्या मारल्या. बायका त्याच्या बुटाला हात लावून गेल्या. पुतळ्याच्या पायाशी काशाची तुटकी नाडी बसवायचं आणि खाली लेस्टरचं नाव कोरायचं महापौरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

आणि लेस्टर? खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. संध्याकाळी पोलिश क्लबात त्याच्यापुढे पिरोगींची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, ताटली आणि बिअरचे मग कोणी मोजेना असे येत राहिले. एक्केचाळीस वर्षांत कोणी त्याला टेबलाच्या मधोमध बसवलं नव्हतं. टेसा कोपऱ्यात सोडा पीत होती. डुआन त्याच्या कानाशी लागला.

“लेका, तो हात मीही पाहिला होता. तू एका पायावर नाचत होतास तेही. म्हटलं, याची गाठ बसायच्या आत उरकावं.”

“मग आज बोलला का नाहीस?”

“शोरूमच्या पाटीवर काय लिहिलंय वाचलंस ना? ‘पुढे.’ ते पुसून काय लिहू, ‘चुकून’? पी गुमान.”

लेस्टर गुमान प्यायला.

शनिवारी दुपारी सामन्याआधी बँड वाजला. ब्रेंटने टेसाला मैदानाच्या मध्ये बोलावलं, कात्री काढली आणि तिच्या उजव्या बुटाची नाडी कापली. चार हजार माणसं उभी राहिली. शिकवणीत आता विधीची भर पडली होती. प्रत्येक सामन्याआधी किकरची नाडी कापायची, आणि पुढल्या वेळेपासून ती कापायचा मान लेस्टर वोझनी यांचा. टेसा जर्सी घालून रेषेबाहेर उभी राहिली. संघ चौथ्या प्रयत्नाला नऊ वेळा पळाला आणि नऊ वेळा आडवा झाला. एक्केचाळीस-शून्य.

कॉलेजचा माणूस तिसऱ्या सत्रातच उठला. जाता जाता लेस्टरपाशी थांबला. सभ्य माणूस होता.

“मुलगी उभी छान राहते,” तो म्हणाला.

घरी येताना गाडीत टेसाने कापलेली नाडी बुटातून ओढून काढली. लेस्टरनेच विषय काढला.

“मी खरं सांगितलं गं. त्यांनी त्याचं हे असं केलं.”

“तुम्ही खरं सांगितलंत आजोबा, मान्य. पण डुआनकाका खोटं बोलले तेव्हा तुम्ही हसत होतात. क्लबातही. मी पाहत होते.”

लेस्टरला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने वर आवाजही चढवला नव्हता. गाडी लाल दिव्याला थांबली, दिवा हिरवा झाला तरी तो तसाच बसला. मागच्याने भोंगा वाजवला, मग ओळखलं आणि काच खाली करून ओरडला, “लेस्टरशेठ, सावकाश! तुमच्यासाठी थांबतो!”

उन्हाळ्यात लेस्टरने दुकान विकलं आणि नदीपलीकडे ब्रॅडवेलला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथली माणसं चौथ्या प्रयत्नाला किक मारतात. त्याबद्दल त्यांना काहीच वाटत नाही, जेवणाआधी हात धुवावेत तसं. टेसा तिथल्या शाळेत गेली. केलमनमध्ये आधी कोणाचा विश्वास बसेना, मग महापौर स्वतः समजूत घालायला आले.

“लेस्टर, अरे तुझं नाव आता कोचच्या पायाशी आहे. हे सोडून कुठे चाललास?”

“म्हणूनच,” लेस्टर म्हणाला.

ऑक्टोबरमध्ये ब्रॅडवेल केलमनला खेळायला आलं. लेस्टर पाहुण्यांच्या बाजूला, ब्रॅडवेलची हिरवी टोपी घालून बसला. समोरून त्याला जुनी ओळखीची तोंडं दिसत होती, आणि त्या तोंडांतून काय काय निघत होतं ते इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या सत्रात ब्रॅडवेलचे तीन प्रयत्न फसले आणि टेसा मैदानात आली. केलमनची दोन धिप्पाड पोरं तिच्या अंगावर धावली. तिने चेंडू झेलला, दोन पावलं टाकली आणि मारला. तो वर गेला तो खाली यायचं नावच घेईना. चोपन्न यार्ड. स्टेडियमभर हुर्यो झाली. लेस्टर एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होता, रडत होता, आणि केलमनच्या कोणी मागून येऊन मानेवर मोहरीची चटणी लावलेलं सॉसेज मारलं तरी थांबला नाही. पलीकडे पुन्हा आलेल्या त्या कॉलेजच्या माणसाने वही उघडली.

वसंतात टेसाला पत्र आलं. चारही वर्षं माफ.

ती निघाली त्या सकाळी डुआनने लेस्टरला फोनवर एक फोटो पाठवला. पुतळ्याच्या पायाशी काशाची नाडी नव्हती, कापून काढली होती. पाटीही नवी होती. तिच्यावर लेस्टर सोडून अजिंक्य संघाची सगळी नावं होती, आणि खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ होती: ‘कोच ड्रेक्सलर यांच्या संघात किकर नव्हता.’

लेस्टरला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच वाईट वाटलं. त्याने ती ओळ दोनदा वाचली.

“काय आहे आजोबा?” टेसाने विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “डुआन आहे.” आणि त्याने तिची जड बॅग उचलून गाडीत ठेवली.