होल्डचं बटण

संघप्रियाने सातवी वायर आकडे नोंदवणाऱ्या लॉगरच्या खाचेत खुपसली आणि स्क्रू आवळला. शिफ्टचा इन्चार्ज खुशाल तिच्या मागे येऊन उभा होता.

"गॅसचे आकडे तर सहाच हायेत. हे सातवी वायर कायची वो मॅडम?"

"होल्डची, भाऊ. होल्ड कवा लावला, कवा काढला, ते बी हा लॉगर नोंदवते."

सिमेंटच्या भट्टीच्या वरच्या तोंडाशी एक नळी रात्रंदिवस गॅस ओढते आणि अ‍ॅनालायझर त्यातला विषारी, हवा लागली की भडकणारा वायू मोजतो. आकडा फार चढला की भट्टी आपोआप बंद पडते. नळी धुळीने तुंबली की काढून साफ करावी लागते. तेवढा वेळ आकडा गोठवून ठेवायला होल्डचं बटण. ते होतं खाली कंट्रोल रूममध्ये, खुशालच्या टेबलावर. नळी तुंबो न तुंबो, आकडा चढू लागला की त्याचं बोट तिथे जायचं. भट्टी थांबली तर त्याची शान जात होती ना! सहा वर्षांपूर्वी असंच बोट गेलं, तेव्हा वर नळीचं दार उघडून ती उपसत होता श्रीहरी, संघप्रियाचा बाप. भडका उडाला. दोन्ही हात गेल्यातच जमा. चौकशीत खुशालने सांगितलं, श्रीहरीनं दार चुकीच्या वेळी उघडलं. खोटं ठरवायला नोंद कुठे होती?

तेव्हापासून पोरीने डूख धरला होता. डिप्लोमा त्यासाठी, लॉगर बसवणाऱ्या कंपनीतली नोकरी त्यासाठी, आणि गडचांदूरकडचं हे काम मागून घेतलं तेही त्यासाठीच.

"श्रीहरीची पोरगी न तू?" खुशालने आवाज खाली आणला. "कसा हाय तो?"

"माय चारते त्याले."

खुशाल खिडकीतून चुनखडीच्या ढिगांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जोड तुले जोडायचं ते. रिपोर्ट तं माह्याच हातून वर जाते."

संघप्रियाचा हात थांबला. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! तिला इतका संताप आला की तोंडात चव आली लोखंडाची.

जेवणानंतर तिने मॅनेजरसमोर नकाशा पसरला.

"साहेब, नळी वर, साफ करणारा माणूस वर, आणि बटण खाली. बटण नळीशेजारीच हवं. आकडाही तिथे दिसायला हवा."

"खरं म्हणजे हो," मॅनेजर म्हणाले. "काय खुशाल?"

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. खुशालने मान हलवली.

बटण वर बसवताना नळी साफ करणारा म्हातारा झिंगू शेजारी उभा होता. "श्रीहरीभाऊ इथीच होते," तो म्हणाला. संघप्रिया मनगट दुखेपर्यंत स्क्रू पिळत राहिली.

दोन दिवसांनी, भरदुपारी, आकडा चढू लागला. खुशालचं बोट सवयीने टेबलावर गेलं. तिथे कोरी पट्टी होती. त्याने फोन उचलला.

"झिंगू, होल्ड दाब!"

"मी खाली उतरलो, साहेब. वर आकडा दिसते आता."

खुशालने संघप्रियाकडे पाहिलं.

"तुमीच जा न, भाऊ," ती म्हणाली. "नळीच्या दाराजवळच हाय बटण."

खुशाल उठला. खोलीच्या दारापर्यंत गेला आणि लोखंडी जिन्याकडे बघत राहिला. खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती.

"जा न. माहा बाप रोज जाये."

त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नाही. भट्टीची घरघर मंदावली आणि थांबली. होल्ड दाबला की वर काय होतं ते त्याला आधीपासून ठाऊक होतं, हे सगळ्यांना कळलं.

खुशाल खुर्चीत बसला. पाण्याचा ग्लास उचलला तर अर्धं पाणी शर्टावर सांडलं, हात इतके थरथरत होते. संघप्रिया उठली. तिने ग्लास त्याच्या हातातून हळूच काढून घेतला आणि त्याच्या ओठांना लावला.

"प्या, भाऊ," ती म्हणाली. "बाबाले असंच पाजतो आमी."