दोन्ही डोळे, बिनझाकणाचे

फुलंब्रीच्या बिभीषणरावांना एक वाईट खोड होती. समोरचा जे बोलेल ते त्यांना आधी पटायचं आणि मग कळायचं. त्यामुळे मुलाकडच्यांनी 'मुलगी पसंत आहे, फक्त चष्मा तेवढा उतरवा' म्हटल्याबरोबर ते मान डोलावून मोकळे झाले.

त्यांची तनुजा शेंद्र्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासायची. केसाएवढा तडा गेलेला भाग तिच्या हातून सुटत नसे. नंबर उणे सहा होता खरा, पण चष्मा लावला की सगळं लख्ख. नवरदेव इंद्रजीतला मात्र बिनचष्म्याची तनुजा जास्त आवडली. पाहण्याच्या कार्यक्रमात त्यानं तिला चष्मा काढायला लावला होता. त्या दोन मिनिटांत तिला त्याचं तोंड धड दिसलं नाही, म्हणून तोही तिला बरा वाटला.

लेझरनं चष्मा जातो एवढं बिभीषणरावांना माहीत होतं. लेझरचेही प्रकार असतात, ही भर किराणा दुकानदार कडूबानं घातली. मग काय विचारता! ट्रॅक्टर घेताना केली नव्हती एवढी चौकशी त्यांनी पोरीच्या डोळ्यांसाठी केली. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, एका मयतीला गेले तर तिथंसुद्धा. महिनाभरात गावातल्या प्रत्येकाला मत होतं. ज्यांना आयुष्यात चष्मा लागला नव्हता त्यांची मतं तर फारच ठाम होती. फक्त जिच्या कपाळाखाली ते डोळे होते तिला कोणी विचारलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मुलाचे चुलते पुंडलिकराव आपले दोन सोबती घेऊन जालना रोडवरच्या दवाखान्यात हजर झाले. "मशीन आमच्या डोळ्यानं बघू," म्हणाले. बिभीषणरावांबरोबर कडूबा होताच. तनुजाच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. दोन्हीकडची मिळून पाच माणसं, वर रिकामा वेळ. आपल्याकडं एवढ्यावर लग्नाची यादी सहज होते. देणं-घेणं, मानपान जे ठरेल ते पाचांसमोर कागदावर उतरवायचं आणि खाली सह्या ठोकायच्या. पुंडलिकरावांनी खिशातून कागद काढला.

शालू, आहेर, वऱ्हाडाचं जेवण झटक्यात उरकलं. गाडी अडली ती डोळ्यांवर.

"आमचं म्हणणं लॅसिक करावं," बिभीषणराव म्हणाले. "बुबुळाचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलतेत, खाली लेझर मारतेत अन् झाकण परत लावतेत. दुसऱ्या दिवशी पोरगी टकाटक."

"झाकण नको," पुंडलिकराव म्हणाले. "आमच्याकडं बारा म्हशी हायेत. एखादीची शेपटी बसली अन् झाकण सरकलं म्हंजी?"

नोकरीवाल्या सुनेनं म्हशी कधी बघायच्या, हे विचारायचं बिभीषणरावांना सुचलं नाही. त्यांना झाकणाचा मुद्दा पटला होता.

"मग ते पीआरके घ्या," कडूबानं तोंड घातलं. "झाकण-बिकण नाय. वरची साय खरवडून लेझर."

"त्यात आठवडाभर डोळे दुखतेत म्हणं," पुंडलिकराव म्हणाले. " लाल होतेत. साखरपुड्याच्या फोटूत लालभडक डोळे बरे दिसतेन व्हय?"

शेवटी स्माईल नावाच्या तिसऱ्या प्रकारावर एकमत झालं. बारीकशा चिरेतून बुबुळाच्या पडद्याच्या आतली पातळ चकती ओढून काढायची, झाकण नाही, खरवडणं नाही. पुंडलिकरावांनी बिभीषणरावांकडं कागद सरकवला आणि त्यांनी शालूच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'चष्मा – दोन्ही डोळे, बिनझाकणाचे, लग्नाआधी.' शेजारी बसलेल्या तनुजाला थेंबांमुळं कागद म्हणजे नुसता पांढरा ढग दिसत होता. तिनं विचारलं, "आप्पा, काय लिवलं?" आप्पा म्हणाले, "काय नाय बाळा, तू गप बस."

तेवढ्यात आत बोलावलं. तनुजाच्या मागोमाग बिभीषणराव आणि पुंडलिकरावही घुसले. डॉक्टरीणबाईंनी संगणकावर दोन रंगीत गोल दाखवले.

"हा तुमच्या मुलीच्या बुबुळाच्या पडद्याचा नकाशा. पडदा मुळात पातळ आहे आणि खालच्या बाजूला आकारही बिघडतोय. यातली कोणतीच शस्त्रक्रिया मी करणार नाही."

"बिनझाकणाची पण नाय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"कोणतीच नाही. तिन्हींत पडदा आणखी पातळच होतो. अशा डोळ्याला हात लावला तर पुढे तो फुगू शकतो. मग चष्म्यानंही नीट दिसणार नाही."

बिभीषणराव घाबरून त्या रंगीत गोलांकडं बघायला लागले. पुंडलिकराव मात्र शांत होते.

"फुगू शकतो म्हंजी फुगंलच असं नाय ना? दुसरा दवाखाना बघू. करणारे लई हायेत. अन् लग्नानंतर काय झालं तर आम्ही हावोत की."

यावरही बिभीषणरावांची मान सवयीनं हलायला लागली होती. डॉक्टरीणबाई एकदम तनुजाकडं वळल्या. "डोळे तुझे आहेत. तुला काय हवंय?"

तनुजा आप्पांकडं वळली. मग म्हणाली, "आप्पा, यादीत आणिक एक ओळ लिवा. ऑपरेशननं नजर गेली तर मुलाकडच्यांनी मुलीला जन्मभर नांदवावं, माघारी धाडू नये. लिवा अन् काकांची सही घ्या. ते म्हणतेत ना, आम्ही हावोत."

बिभीषणरावांनी लिहिलं. कागद पुंडलिकरावांपुढं धरला. मघाशी शालूपासून वऱ्हाडापर्यंत प्रत्येक ओळीला 'लिवा, लिवा' म्हणणारे पुंडलिकराव ही एक ओळ तीनदा वाचत बसले.

"असं कुठं यादीत लिवतेत व्हय?" ते म्हणाले. "पाव्हणं, जरा आमचाबी इचार करा. उद्या आंधळी झाली तर आमच्या पोरानं का म्हणून भोगावं?"

आयुष्यात पहिल्यांदा बिभीषणरावांना समोरच्याचं म्हणणं पटण्याआधी कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तिच्या पाठोपाठ संतापही आला.

"मंग माझ्या पोरीनं का म्हणून भोगावं?" त्यांनी यादी तिथल्या तिथं टराटरा फाडली. पुंडलिकराव चपला पायात सरकवून 'मोठा अपमान झाला' म्हणत निघून गेले.

दवाखान्याबाहेर उन्हानं तनुजाचे डोळे दिपत होते. कडूबा गाडी आणायला गेला होता. बिभीषणरावांनी तिचा हात धरला. त्यांची छाती फुगली होती.

"कसं सुनावलं तुझ्या बापानं? बघत राहिलं ते!"

"चांगलं सुनावलं," तनुजा म्हणाली. तिनं चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला. "पण आप्पा, महिनाभर तुम्ही अख्ख्या गावाला माझ्या डोळ्याचं विचारलं. मला काय पाहिजे, हे आज त्या बाईनं विचारलं."

या वेळी बिभीषणरावांनी नुसती मान हलवली नाही. "मंग आता सांग बाळा," ते म्हणाले, "तुला काय पाहिजे?"