मास्तरांची टेप

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या गळ्यात बावीस वर्षं एकच टेप होती. मापं ते स्वतः घ्यायचे, वहीत लिहायचे, आणि त्याबरहुकूम कापड कापायचा त्यांचा धाकटा भाऊ, टेबलावरच्या लोखंडी पट्टीनं मोजून.

मग कोट छातीत आवळायला लागले. एक परत आला, पाठोपाठ चार. दोष शोधायला मास्तरांना लांब जावं लागलं नाही, धाकटा समोरच उभा होता. चारचौघांत त्याचा पाणउतारा सुरू झाला. एकदाच तो चाचरत म्हणाला होता, टेप जरा पट्टीला लावून बघायची का? "नाचता येईना, अंगण वाकडं," मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकं हसली, आणि मास्तरांना स्वतःच्या विनोदाचं कोण कौतुक! पुढं एका नवरदेवाचा कोट ऐन लग्नात उसवला, तेव्हा त्यांनी धाकट्याच्या हातातली कात्री काढून घेतली. त्याच्यामागून ठेवलेले दोन कारागीरही म्हणे बिनकामाचेच निघाले.

वर्षभरानं आकडे पुसट झाले म्हणून बायकोनं नवी टेप आणली आणि जुनीच्या शेजारी अंथरली. ओढून ओढून जुनी ताणली गेली होती. तिच्या चाळिसाशी नवीचे एक्केचाळीस आले. म्हणजे एक्केचाळिसाची छाती मास्तर चाळीस लिहीत होते, आणि भाऊ इमानानं चाळीसच कापत होता.

धाकटा आता एका गोदामाच्या फाटकावर राखणदार होता. मास्तर कात्री घेऊन तिथं गेले, सगळं सांगितलं, परत चल म्हणाले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाही जमायचं, दादा. परवा पोरीचा फ्रॉक कापायला घेतला. पाच वेळा मोजलं, तरी कात्री चालवायचा धीर झाला नाही."

"अरे, पण चूक माझी होती."

"ते तुम्हाला आज कळलं. मी वर्षभर माझाच हात तपासत बसलो."

कात्री त्यानं घेतली नाही. चहा घेऊन जा, एवढं मात्र म्हणाला. तो अर्धाच ठेवून मास्तर कात्रीसह परतले.

दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं होतं. मास्तरांनी नवी टेप त्याच्या छातीभोवती धरली, आकडा वाचला. पुन्हा धरली, पुन्हा वाचला. वही उघडी होती, पण त्यांना काही लिहवेना.