तुंगार्लीचा बगळा

मी कॅमेरा बोलतोय, लोणावळ्याहून. लाकडी अंग, पितळी दांडा आणि पोटात फिल्मची गुंडाळी. मूकपटांच्या काळात एका फिल्म कंपनीचे छायाचित्रकार अल्लाउद्दीनभाई यांनी माझ्याकडून धावते घोडे टिपले, लढाया टिपल्या. दांडा फिरला की मी खडखडायचो, पण तेव्हा त्याचं कुणाला वावडं नव्हतं. पुढे बोलपट आले आणि माझी खडखड नटांच्या बोलण्यात मिसळू लागली. कंपनीला मी नकोसा झालो. अल्लाउद्दीनभाईंनी मला तुंगार्लीला घरी आणलं आणि पलंगाखाली सारलं.

त्यांची मुलगी रशिदा शाळेत चित्रकला शिकवायची. एकदा तिनं पडद्यावर चितारलेलं मांजर नाचताना पाहिलं आणि तिची झोपच उडाली.

"अब्बा, हे कुठं शिकवतात?"

"आपल्याकडे कुठंच नाही. पण या कॅमेऱ्याचा दांडा दुसऱ्या खाचेत बसवला, की एका फेऱ्याला एकच चित्र टिपतो."

"मग आपणच शिकू की!"

मला तोंड खाली करून मेजावर उलटं टांगलं. खाली एकामागून एक कागद, दर कागदावर तळ्यातला बगळा जरासा हललेला. पहिली फिल्म धुऊन आली, तर बगळा हिवताप आल्यासारखा थरथरत होता. मग रशिदा तळ्यावर जाऊन बसू लागली. एका सकाळी धावतच आली.

"अब्बा, उडण्याआधी तो खाली दबतो! मी थेट पंखच उघडत होते."

पुन्हा चित्रं काढली. कागद सरकू नये म्हणून मेजाला खिळे ठोकले. एवढ्यात महायुद्ध सुरू झालं, कोरी फिल्म मिळेनाशी झाली. घरात एकच तुकडा उरला होता. रशिदा कागद बदलायची, अब्बा दांडा फिरवायचे. मला मात्र खाली नुसते निश्चल कागदच दिसत होते.

गावात तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या हौशीरामनं खेळाआधी तो तुकडा लावला. अब्बांनी मलाही मांडीवर घेतलं होतं. पडद्यावर बगळा उभा राहिला, दबला, आणि उडाला! पुढं बसलेल्या धोंडाबाईंनी हात जोडले.

"अगं बया! कागदाला कुटं जीव आसतो व्हय?"

आयुष्यभर मी जिवंत माणसं टिपली, पण जीव येताना पहिल्यांदाच पाहिला. माझं लाकूडसुद्धा शहारलं.

तो तुकडा पाहून मुंबईच्या एका कंपनीनं रशिदाला बोलावलं. युद्धाच्या बातमीपटांत नकाशांवरून बाण सरकवायचे, हे तिचं पहिलं काम. आता ती चित्रपटांची नावं नाचवते, जाहिरातींतल्या बाहुल्या चालवते. तिथे नवे, मुके कॅमेरे आहेत.

मी इथेच आहे. दमटपणानं सांधे फुगलेत, पण दांडा फिरतो. सुट्टीला आली की रशिदा शेजारच्या झुंबरबाईंना शिकवते. आज त्या मेजाशी बसल्यात. "मला आमची म्हस चालताना काढायचीया," म्हणतात.

बरंय मंडळी, माझं बोलणं आता पुरे. जरा गप्प राहा. पेन्सिल कागदाला टेकलीय.